विमानाचा पाईप कोणी केला

चाळ पाडून टॉवर झाला त्याला दहा वर्षं झाली, म्हणून आमच्या करी रोडच्या सोसायटीने स्मरणिका काढायचं ठरवलं. मी दादरच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे ते काम आपसूक माझ्याकडे आलं. एक पान मी बाबांसाठी ठेवलं.

बाबा नेव्हीत विमानांचे मेकॅनिक होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तुकडीला दोन विमानांसह किनाऱ्याजवळच्या एका एअर फोर्सच्या तळावर पाठवलं होतं. विमानं समुद्रावर गस्त घालायची, पाणबुड्या शोधायची. तळावर ही मंडळी पाहुणी. धावपट्टीच्या टोकाला तंबू, आणि येता-जाता टोमणे. "उडायचं काम आमचं, तुम्ही बोटी सांभाळा," एअर फोर्सवाले म्हणायचे. "समुद्र दिसला की तुमची विमानं मागे फिरतात," हे यांचं उत्तर.

त्या टोमणे मारणाऱ्यांत खोताच्या वाडीतला एक ख्रिश्चन तरुण होता. त्याने आणि बाबांनी एकमेकांना मराठीतून शिव्या घातल्या आणि दोस्ती झाली ती कायमची. आम्ही त्यांना अंकल म्हणतो. दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि सोलकढीचा पेला हातात घेऊन नेव्हीची टिंगल करायचे.

लढाईच्या ऐन धामधुमीत नेव्हीच्या एका विमानाचा तेलाचा पाईप फुटला. चाकं वर-खाली करणारा पाईप, त्याच्याशिवाय विमान उडणार नाही. सुटा भाग यायला दोन दिवस लागणार होते. अंकल एअर फोर्सच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या वरच्याने बजावलं होतं, आधी आपली विमानं. अंकलनी जेवणाच्या सुट्टीत मापाचा पाईप कापला, टोकं बसवली, दाब देऊन तपासला आणि बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी तो बसवला. संध्याकाळच्या आत विमान गस्तीवर गेलं.

हे सगळं बाबांनी मला मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं. शेवटी म्हणाले, "पाईप त्याने केलेला, हां. नीट लिही."

मी लिहिलं, "बाबांनी उपलब्ध साहित्यातून स्वतः पाईप तयार केला."

का, ते मी स्वतःला बरेचदा विचारलंय. निवृत्तीनंतर बाबांनी एका ऑफिसच्या दारात वॉचमनची नोकरी केली. टॉवरमधले नवे लोक त्यांना लिफ्टमध्ये ओळखही देत नाहीत. मला ते एकदा मोठे दिसायला हवे होते. दोन माणसांत वाटलेला मोठेपणा मला पुरला नाही.

कार्यक्रमात बाबांना शाल दिली. अंकल पहिल्या रांगेत होते, स्मरणिका मांडीवर उघडी. टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या. बाबांनी पान घरी येऊन वाचलं.

"ह्यां कित्याक केलंस?" ते म्हणाले. "त्या पाईपापायी त्याची नाताळची रजा गेली. आई वाट बघत बसलेली त्याची. सांगितलेलं ना तुला?"

सांगितलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये आहे.

मी अंकलना व्हॉट्सॲप केलं, "जागेअभावी काही मजकूर कापावा लागला, सॉरी." हे दुसरं खोटं. त्यांनी अंगठा पाठवला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्याही नाही. जाऊन माफी मागायची हे मी रोज ठरवायचे आणि पेपर तपासायला बसायचे. असं वर्ष गेलं.

मग त्यांच्या मुलीचा फोन आला, पप्पा गोष्टी विसरायला लागलेत, भेटून जा. मी आणि बाबा गेलो. अंकलनी आम्हाला ओळखलं, हसले. टेबलावर स्मरणिका होती, कोपरे मऊ पडलेली.

"काय गो बाय, तुझ्या बापाने काय पाईप बनवला तेव्हा!" ते मला म्हणाले. "आम्ही एअर फोर्सवाले बघत राहिलो."

"अंकल, तो तुम्ही बनवला," मी म्हटलं. "मी चुकीचं लिहिलं. मुद्दाम लिहिलं."

"छापलंय ना इथे," त्यांनी पानावर बोट ठेवलं. "टीचर आहेस तू. तू कशी चुकशील?"

उतरताना जिन्यावर मी बाबांचा हात धरायला गेले, तर त्यांनी कठडा धरला.

मी खरी हकिगत छापून प्रत्येक फ्लॅटच्या पत्रपेटीत टाकली. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, एवढं कोण वाचतंय. एक प्रत अंकलच्या मुलीने स्मरणिकेतल्या त्या पानावर चिकटवली. बाबा आता दर रविवारी टॅक्सीने तिकडे जातात, मी सोबत असते. अंकल ती चिकटवलेली प्रत वाचतात आणि विचारतात, "हा एअर फोर्सचा पोरगा कोण रे?"

"तू रे, तूच," बाबा सांगतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

तेवढा वेळ मी आत जाऊन त्यांच्या मुलीला चहाला मदत करते.