चर्चची पूर्वेकडची भिंत

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. कसा असणार? आमच्या पट्ट्यातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत! सहस्रकुंडचा धबधबा पोहत वर चढलो, ही गोष्टही माझीच. त्यामुळे खाली लिहिलेलं खरं मानायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र यात एक बोटही वाढवलेलं नाही.

मी गवंडी. किल्लारीपासून जीपनं अर्ध्या तासावर एका गावात काळ्या दगडाचं छोटं चर्च आहे, निजामाच्या काळातलं. बांधणारे कुणी साहेब नव्हते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि परत येताना डोक्यावर एक दगड आणायचा — असं करत गावातल्याच लोकांनी ते उभं केलं. दगडावर कुणी नाव कोरायचं नाही, असं तेव्हाच ठरलेलं. भूकंपात आजूबाजूची घरं झोपली... चर्च उभं राहिलं. फक्त पूर्वेकडची भिंत बाहेरच्या अंगाला कलली.

दोन वर्षांपूर्वी चर्च मोठं करायचं ठरलं आणि पाळकसाहेबांनी मला बोलावलं. भिंत सरळ असेल तर ठेवायची, नाहीतर पाडायची. मी जीपमधून उतरता उतरताच निकाल दिला — "पाडा साहेब. आंधळ्यालाबी दिसंल, कलल्याली हाय."

जुन्या गवंड्याची ही खोड. दोरी-गोळ्याचा ओळंबा पिशवीत, आणि माप डोळ्यानं!

भिंतीला तळहात टेकवून मार्थाआजी बसली होती. तिच्या आज्यानं ती भिंत रचलेली. म्हणाली, "मिस्त्री, दोरी तर सोड की. का डोळ्यातच बांधून आणलीस?"

लोक हसले. मी चिडून शिडी लावली, वरून ओळंबा सोडला. भर दुपार, वारा नावाला नाही. गोळा खाली आला आणि भिंतीला अलगद टेकला. म्हणजे भिंत सरळ! मागं सरून पाहिलं — कललेली. दोरी बदलली, जागा बदलली... तरी सरळच.

तेवढ्यात आजी पाणी प्यायला उठली. तिचा हात भिंतीवरून निघाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळा आणि भिंतीत चार बोटांचं अंतर पडलं. (एरवी मी हातभर लिहिलं असतं.) ती परत येऊन बसली, हात टेकवला. गोळा पुन्हा भिंतीला.

"आजी, हात काढा बरं."

"का रं?"

"काढा तर."

चार बोटं.

"आता ठिवा."

टेकला. आजीनं दोरीकडं पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाली, "आमच्या मान्सांची नावं कुठंबी लिव्हल्याली न्हाईत, लेकरा. ही भिंत तेवढी हाय. पाडलीस, तर ती मान्सं कधी व्हतीच न्हाईत म्हून समजायचं."

आत गेलेले पाळकसाहेब बाहेर आले. त्यांना जसं घडलं तसं सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "मिस्त्री, देवाच्या दारात तरी फेकू नका हो!"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, त्याचं हे बक्षीस. मग नेहमीच्या मार्गाला लागलो. "मस्करी केली साहेब. भिंत एकदम सरळ हाय, ठिवा. भाईरून दोन काँक्रीटचे खांब देतो, शोभेला." सळयांनी भिंतीत बांधून घेतलेले ते शोभेचे खांब असे आहेत, की हत्ती धडकला तर हत्तीच दवाखान्यात जाईल.

नवं चर्च त्याच भिंतीला धरून उभं आहे. एका ओळखीच्या इंजिनिअरला मी सगळं सांगून कारण विचारलं. त्यानं मला घरी जाऊन झोपायला सांगितलं.

मागच्या आठवड्यात कळलं, मार्थाआजीला लातूरला दवाखान्यात ठेवलंय. रविवारी सकाळी मी चर्चकडं जाणारी जीप धरली. मला त्यांची गाणी येत नाहीत, प्रार्थना कळत नाही. खांब मीच भरलेत, त्यांच्यावर माझा पुरता भरवसा आहे... तरी शेवटच्या आमेनपर्यंत भिंतीला तळहात लावून बसलो.