सांध्यातलं प्रथिन आणि मेव्हण्याचं घोंगडं

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं, आणि गल्लीत कौतुक चाललंय ते मेंदूवर संशोधन करणाऱ्या शेजारच्या पोरीचं. ती बंगळूरला असते. सुट्टीला आली की सगळी पेठ तिच्यापुढं वाकते. मी वाकत नाही. तिच्या लहानपणी दूधकट्ट्यावर मी गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढायचो, तेव्हा ही पेला धरून पहिला नंबर लावायची. तिला नाक पूस म्हणून मीच सांगितलेलं आहे.

पण बायको मला ओळखेना झाली, तेव्हा या पोरीलाच बोलावलं. डॉक्टरानं आजाराचं नाव सांगितलं, गोळी लिहिली आणि पुढचा पेशंट आत घेतला होता.

पोरीनं लॅपटॉपवर रंगीत ठिपके दाखवले. मेंदूतल्या दोन पेशी जिथं भेटतात तिथं सांधा असतो. त्यातली प्रथिनं बिघडली की इकडचा निरोप तिकडं जात नाही. पेशी मरायच्या आधी सांधेच जातात, म्हणाली. कुठलं प्रथिन आधी बिघडतं ते ती उंदरांत शोधते. उंदीर पाण्यात सोडायचा आणि लपवलेली पायरी त्याच्या ध्यानात आहे का बघायचं. एवढं शिकून काय, तर उंदरांना पोहायला लावायचं.

"मग हिला औषध काय?" मी विचारलं.

"बरं करणारं अजून न्हाय, आबा."

"मग मिटव ते ठिपकं. जेवायची वेळ झाली."

जेवण हेच तर दुखणं होतं. बायकोच्या लेखी मी परका बाप्या, म्हणून ती माझ्या हातचा घास घेत नव्हती. पदर ओढून तोंड फिरवायची. सुनेच्या हातचे दोन घास, की संपलं. वाळून काटकी झाली. भावकीतल्या बायका यायच्या, कुणाची तरी करणी म्हणायच्या, अंगारा लावून चहा पिऊन जायच्या. त्यांच्यापरास उंदीर बरे.

मी जन्मभर म्हशी राखल्या. रेडकू मेलं की म्हैस दूध चोरते. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवतात. ती चाटते आणि पान्हा सोडते. मला दुसरं येतंय काय? कागलला तिच्या माहेरी गेलो, तिच्या मेलेल्या थोरल्या भावाचं घोंगडं मागून आणलं, ते अंगावर घेऊन ताटासमोर बसलो. तिनं वास घेतला, "दादा" म्हणाली आणि तोंड उघडलं.

पुढच्या सुट्टीत पोरीनं हे दारातनं बघितलं आणि लगेच वही काढली. वासाची एखादी जुनी वाट शाबूत असेल, तपासायला पाहिजे, म्हणाली. तपास म्हणालो. आमच्या म्हशीला ते कधीचंच ठाऊक आहे.

पोरीला नावं ठेवतोय खरा, पण मी तरी कोण? लग्नाचा नवरा, आणि पेंढा भरलेलं रेडकू होऊन बसलेला.

बायको जायच्या आठ दिवस आधी मी तिला आमटीत कुस्करलेली भाकरी भरवत होतो. तिनं घोंगड्याचा काठ धरला आणि हळूच म्हणाली, "दादा, आमचं मालक अजून आलं न्हाईत. तू जाऊन सांग की, मला न्यायला या म्हणावं."

माझा हात खांद्यावर गेला. घोंगडं फेकून द्यावं आणि म्हणावं, अगं, हा काय, आलोय. पण वाटीत अजून निम्मी भाकरी होती.

"सांगतो," मी म्हणालो. "आधी एवढं खा."

तिनं खाल्लं.