कौसाक्काची पुरी बातमी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि अक्षर मुंग्यांनी वाट सोडल्यासारखं येतं, त्याची आधीच माफी मागते. कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. पण गिरणीवाली कौसाक्का आता कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि काम उरकून बसलं की मला ती आठवते.

ती पेपर वाचायची. आमचं गाव पोखर्णीच्या रस्त्यावर. पेपर दुपारच्या एसटीने यायचा, तोही कधी कधी कालचा. दुपारी लाईट जायची, गिरणी बंद पडायची, आणि दळणाच्या टोपल्या घेऊन आम्ही बाया भिंतीला टेकायचो. मग कौसाक्का पिठाचे हात पदराला पुसून पेपर उघडायची आणि तारखेपासून सुरू करायची. एक ओळ सोडायची नाही. हरवलेल्या सर्टिफिकिटाची जाहिरात, कुणाकुणाच्या जमिनीची नोटीस, सगळं. ‘तमाम लोकांना कळविण्यात येते की’ असं तिने म्हटलं की आमच्यातली पारूबाई म्हणायची, "कळलं बाई, तमाम लोक हितंच बसलेत."

मधेच लाईट आली तरी कौसाक्का बटण दाबायची नाही. बाया चिडायच्या. "अक्का, घरी पोरं उपाशी हायत." ती पेपरातून मान वर न करता म्हणायची, "अर्धी बातमी म्हंजी भरड. भरडीची भाकर थापता येती का?"

पुढे स्टँडजवळ नवी गिरणी झाली. तिथे दळणाचे पैसे कमी घ्यायचे. कौसाक्काचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे गिरणीचा व्यवहार तिचे दीर दत्तराव बघायचे. ते एकदा आमच्यासमोरच म्हणाले, "वैनी, तुमी सगळंच वाचून टाकायलाव. ऐकलं की बाया मोकळ्या. मथळा वाचा अन् थांबा. पुढचं ऐकायला उद्या दळण घिऊन येतील."

कौसाक्का तेव्हा फार थकली होती. ती एवढंच म्हणाली, "बघा करून."

मग दत्तरावच वाचायला बसू लागले. खोटं कशाला सांगू, दळण वाढलं. जी पायलीभर एकदम आणायची ती रोज थोडंथोडं आणू लागली. मीही आणायचे.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. रोज दगडफेकीच्या बातम्या. माझा नवरा परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा आणि शनिवारी घरी यायचा. एका दुपारी दत्तरावांनी वाचलं, "मोंढ्यात दगडफेक, हमाल ठार." तेवढ्यात लाईट आली. "पुढचं उद्या," म्हणत त्यांनी पेपरची घडी बंडीच्या खिशात घातली, मोटर चालू केली आणि ते शेताकडे निघून गेले.

मला वाचता येत होतं. पण परक्या माणसामागे धावून त्याच्या खिशातला पेपर मागणं माझ्याच्याने झालं नाही. कौसाक्काला विचारावं तर गिरणीच्या आवाजात, सगळ्या बायांसमोर ओरडावं लागलं असतं. मी टोपली तिथेच ठेवून घरी आले.

एसटी बंद होती. दारात दोन शेळ्या होत्या, त्यातली एक गाभण. त्या विकायला नेल्या, तर व्यापाऱ्याने माझं तोंड बघून निम्म्याहून कमी पैसे दिले. मी ते घेतले. टेम्पोला भाडं द्यायचं आणि येताना नवऱ्याला आणायलाही पैसे लागतील, एवढंच डोक्यात होतं.

मोंढ्यात पोचले तर ते लिंबाखाली भाकर खात बसले होते.

"घरी कोण गेलं?" मला बघून त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. तुमाला बघायला आले."

"का, मला शिंगं फुटली का?"

बाकीचे हमाल हसले. मी तिथेच मातीत बसले. शेळ्या विकल्याचं सांगितलं तेव्हा ते घास हातात धरून राहिले. परतीचं भाडं देऊन व्यापाऱ्याचे सगळे पैसे संपले.

शेळ्यांचं गावभर झालं होतं. दुसऱ्या दिवशी कौसाक्का तो पेपर घेऊन अंगणात आली. मला बसवलं आणि ती बातमी पुरी वाचली. मोंढा दुसऱ्याच जिल्ह्यातला होता. मथळ्याखालच्या पहिल्याच ओळीत गावाचं नाव होतं.

"तुझ्या शेळ्या माझ्या गिरणीनं खाल्ल्या," ती म्हणाली. "पैसे मी दीन."

"अक्का, तुमी कुठं वाचलं होतं?"

"वाचू मीच दिलं."

तेव्हापासून पेपर पुन्हा तिच्या हातात गेला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जाऊ लागला. दळण हळूहळू तुटलं. बाया नव्या गिरणीत दळायच्या आणि गरम पिठाची टोपली घेऊन इकडे ऐकायला यायच्या. दत्तराव म्हणायचे, "दळण तिकडं, बातमी इकडं. आपून काय धर्मशाळा काढली का?"

"ऐकू द्या, भाऊजी. पीठ कुठनं आलं, ते मी इचारत न्हाई."

माझे पैसे ती थोडेथोडे देत राहिली. कधी दोन रुपये, कधी पाच. कधी नुसतं "ह्या महिन्यात न्हाई" म्हणून तोंड फिरवायची. घेताना मला मेल्यासारखं व्हायचं. नको म्हटलं तर तिला राग यायचा. जायचं बंद केलं तर रुसले असं दिसलं असतं, म्हणून नवी गिरणी जवळ असून मी दळण तिच्याकडेच नेत राहिले. अशी वर्षं गेली. तिचा नवरा वारला. आम्ही दोघीही त्या पैशाला थकलो होतो, पण तसं कधी एकमेकींना म्हणालो नाही.

शेवटी दत्तरावांनी गिरणी विकायला काढली. तिने मला बोलावून घेतलं. मोटरचा पट्टा उतरवलेला होता. तिने कमरेची पिशवी सोडून नोटा माझ्या हातात दिल्या.

"मोज."

"असू द्या, अक्का."

"मोज म्हनलं न."

मी मोजले. आधीचे धरून, परभणीच्या बाजारात त्या दोन शेळ्यांना जेवढे आले असते, तेवढे पुरे झाले होते. मी तसं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मला उठावं की बसावं कळेना.

"आता नव्या गिरणीत जात जा," ती म्हणाली. "तिथं पीठ बारीक येतंय."