आप्पांनी मागितलेली पाळी

समोरच्याचं बोलून झाल्यावरही आप्पा क्षणभर गप्प राहायचे. नवख्याला वाटे, म्हातारा बहिरा आहे. पण सैन्यात उभी नोकरी वायरलेसवर काढलेला तो माणूस; तिथे एका वेळी एकानेच बोलायचं. "आदी ऐक, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहाच्या टपरीवरही ते आम्हाला ही शिस्त लावू बघायचे आणि आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

तासगावजवळचं आमचं गाव खोलगटात. मोबाइलला रेंज नाही. आप्पांचा मुलगा सीमेवर. रविवारी संध्याकाळी त्याचं तोंड त्याच्या आईला, आमच्या काकूंना, दिसावं, एवढ्यासाठी आप्पांनी टेकडीवरून घरापर्यंत डिशने इंटरनेट आणलं. डिशच्या या रेडिओ लहरींना सरकारी परवाना लागत नाही हे कळल्यावर मग सगळ्यांनीच डिश लावल्या. कुणी द्राक्षबागेतल्या कॅमेऱ्यांसाठी, कुणी बेदाण्याच्या शेडसाठी. सगळ्या एकाच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यात. सामाईक विहिरीत ज्याची मोटर मोठी त्याला पाणी जास्त, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. तोच हिशेब लोकांनी हवेला लावला आणि प्रत्येकाने आपल्या डिशची पॉवर शेवटपर्यंत चढवली. मग कुणाचंच नेट धड चालेना.

आप्पांनी देवळात बैठक बोलावली.

"गड्यांनो, समदीच वरडाय लागली तर ऐकायचं कुणी? पाण्याची पाळी लावतो, तशी चॅनल वाटून घिऊ. अन् पॉवर उतरवा."

"आवं आप्पा, आमी उतरवली अन् शेजाऱ्यानं न्हाई उतरवली, तर?" बागाईतदार शंकरने विचारलं.

"मी पैला उतरवतो."

माना सगळ्यांनी डोलावल्या. उतरवली एकट्या आप्पांनी. मी त्यांच्यासोबत दारोदार फिरलो. जो तो म्हणे, उद्या बघू. शेवटी टेकडीवर चढून, रेंज धरून मी सरकारी कचेरीत फोन लावला. विनापरवाना लहरींना संरक्षण नसतं, आपसात मिटवा, असं उत्तर मिळालं. मला भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर हेच कळेना.

"पॉवर परत चढवा," मी म्हणालो. आप्पा नकाराची मान हलवत राहिले. "मीबी चढवली तर त्यास्नी सांगायला कोण उरलं?"

आप्पा वारले त्याच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. फोनवर मुलाचा चेहरा आला, तो काहीतरी बोलू लागला आणि तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं. आवाज नाही. आप्पांनी फोन कट करून पुन्हा लावायला हात पुढे केला, तसा काकूंनी तो धरला.

"आवं, ऱ्हाऊ द्या. फोन तुटला तर त्यो एवढाबी दिसायचा न्हाई."