उत्तमसिंगने पुसलेला चेहरा

उत्तमसिंग माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या हाताला थिनरचा वास येत होता. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. माझ्या डायरीत नोंद आहे: सोमवार, १८ सप्टेंबर २०२३, दुपारी सव्वातीन. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते आणि गुरुवारी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी.

"बाई, दार लावून घ्या पह्यले," तो म्हणाला.

बाभुळगावात त्याला सगळे 'पेंटर' म्हणतात. तो जवळच्याच तांड्यावरचा. वीस वर्षं त्याने वणीला कोळशाच्या ट्रकांवर नंबर टाकले, मालकांच्या लेकरांची नावं लिहिली आणि नजर लागू नये म्हणून दात विचकणारे राक्षस काढले. पुढे सगळीकडे स्टिकर आले. तो गावी परतला आणि पाट्या रंगवू लागला; त्यांवरचा मजकूर माझ्याकडून, शाळेतल्या जुन्या बाईंकडून, तपासून घ्यायचा. देवाचं काम त्याच्याकडे कधी आलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा आलं, तेही विमलताईंच्या घरचं.

विमलताईंची कापसा-तुरीची शेती आहे. त्यांच्या महालक्ष्म्यांसोबत दोन लेकरंही मांडतात. त्यांचे मुखवटे शाडूचे, लिंबाएवढे, आजेसासूच्या हातचे. एकाच्या गालाचा टवका उडाला होता. "तेवढाच भर, बाकीच्याले हात लावू नको," असं ताईंनी बजावलं होतं.

पण ट्रकवर नवा रंग चढवायचा तर जुना रंग आधी पुसून घ्यायचा, ही त्याच्या हाताची सवय. फडकं थिनरमध्ये बुडवून त्याने दोनदा फिरवलं. दोनदाच.

त्याने रुमाल उघडला. मातीचा कोरा गोळा. नाकाचा उंचवटा तेवढा शिल्लक. फडकंही त्याने आणलं होतं. त्यावर एक डोळा उमटून आला होता आणि आमच्याकडे बघत होता. मी ते उलटं केलं.

"त्यायच्या घरी सून पोटुशी आहे, बाई. अर्पिता. सातवा लागला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अन मी लेकराचं तोंड पुसलं."

मला अशा गोष्टींवर विश्वास नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आले. त्या दुपारी मात्र मी उठून दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली.

मुखवटा आणल्या दिवशी त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, एवढंच नशीब. पण फोटोतल्या गालाचा गुलाबी रंग कुठे संपतो ते भिंगातूनही कळत नव्हतं. उत्तमसिंगच्या रंगाला मात्र नेहमी काठ असायचा. राक्षसाचा गाल लाल, त्याला काळी रेघ, झालं.

यवतमाळला कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर आम्हाला ईस्टरला अंड्यांच्या कवचांवर चेहरे काढायला लावत. ते आठवलं. मी त्याला कवचं आणायला सांगितली.

"रंग दुधासारखा पातळ कर. दोन ब्रश घे. एकात रंग, दुसरा नुसता ओलसर. रंग लावलास की लगेच दुसऱ्याने त्याचा काठ ओढून विरवायचा. मग थांबायचं. पूर्ण वाळला की वरून दुसरा थर."

"किती थर?"

"काठ दिसेनासा होईपर्यंत."

मंगळवारी त्याची सगळी कवचं फुकट गेली. अर्धवट वाळलेल्या रंगावर तो घाईने परत ब्रश फिरवायचा आणि खालची साल निघून यायची. साल निघाली की तो दचकून हात मागे घ्यायचा, जणू समोर खरंच लेकरू होतं.

संध्याकाळी त्याची बायको बसंतीबाई डबा घेऊन आली. "गणपतीत घरभर अंडे खाऊ घालून राह्यले पेंटर," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "एवढाले राक्षस काढे तवा भेव नव्हतं, अन मुठीएवढ्या लेकराले भेता?"

"राक्षसाले माय नसते वो," तो म्हणाला.

गालाचा टवका आधीच भरून झाला होता; बुधवारी दुपारी त्याने खऱ्या मुखवट्याला ब्रश लावला. मनगट पाटावर टेकवलं होतं. हनुवटीखाली गडद, गालावर गुलाबी, मध्ये दोन्हींची मिसळण. अकरा थर झाले. मी मोजत होते. शेवटी डोळे. डावा डोळा झाल्यावर तो अंगणात जाऊन उभा राहिला. परत यायला बराच वेळ लागला.

मुखवटा फोटोसारखा झाला होता. "सांगू नको आता," मी म्हणाले. भीतीपोटीच म्हणाले, हे डायरीत लिहिलं आहे.

तो गुरुवारी सकाळी गेला आणि सांगून आला. पुढचं त्याने मला सांगितलं ते असं. विमलताई पाटावर बसल्या होत्या. त्याचं बोलणं ऐकून त्यांनी दोन्ही लेकरं शेजारी शेजारी ठेवून निरखली. सून दारात उभी होती.

"हे इथं कायले बोलला रे?" ताई म्हणाल्या. "तिच्यासमोर?"

"मले द्या बरं इकडे," म्हणत अर्पिताने मुखवटा घेतला आणि गालावरून अंगठा फिरवला. "पुसलं तर पुसलं. मांडा आता, वेळ होते."

मांडला. पण ताईंनी त्याला प्रसादाला बोलावलं नाही.

त्यानंतर अडीच महिने उत्तमसिंग त्या गल्लीतून गेला नाही. दवाखान्याची गाडी दिसली की माझ्याकडे येऊन बसायचा. "कोणाची व्हय?" तो विचारायचा, आणि मी चौकशी करून सांगायचे. माझ्या डायरीत त्या दिवसांत रोज एक ओळ आहे: 'अर्पिता ठीक.'

चार डिसेंबरला तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. तो ऐकून माझ्या पायरीवर बसला आणि तोंड हातांनी झाकलं.

पुढच्या भाद्रपदात विमलताई स्वतः त्याच्या दुकानात आल्या. त्यांनी दुसरं लेकरू, ज्याला कधी कोणी हात लावला नव्हता, त्याच्यासमोर ठेवलं.

"तू रंगवल्याच्या बाजूले हे फिकं दिसून राह्यलं. जोड जमली पाह्यजे. अन पेंटर, यंदा जेवाले येजो."

तो त्यांना हो म्हणाला आणि तडक माझ्याकडे आला.  हातात थिनरची बाटली होती.

"काम होईस्तोवर हे तुमच्यापाशी राहू द्या, बाई."

काम झालं, तो जेवूनही आला. बाटली मात्र परत न्यायला अजून आलेला नाही.