पालथा निजवलेला इरप्पा

दुसऱ्या लाटेत संतपूरजवळच्या एका वसतिगृहात कोविडचा वॉर्ड उघडला आणि डॉक्टर हर्षिताला तिथं पाठवलं. बीदरच्या मैलूरची ती, रामाचार्य मास्तरांची धाकटी. वय एकोणतीस. खाटा चोवीस, आणि दिवसपाळीला ती नि नर्स चन्नव्वा, दोघीच. सव्वीस दिवसांत अकरा माणसं गेली. देवानं नेली म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. संध्याकाळी हात जोडायची सवय मोडली नव्हती, पण ज्याला जोडायचे त्याच्यावर ती मनातून धुमसत होती. राग मस्तकात गेला की दाराआड जाऊन स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायची, मग परत यायची. ते वळ चन्नव्वानं पाहिले होते.

"पेशंटला चावू नका म्हंजे झालं, बाई," ती म्हणायची.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरचा इरप्पा निळा पडायला लागला. पन्नाशीचा गडी, बाप-आजे मेंढरामागं हिंडलेले, हा आता सोयाबीन पिकवणारा. ऑक्सिजन पूर्ण सोडूनही बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन शहात्तर टक्केच दाखवत होतं. दोघींनी त्याला उशा लावून पालथं निजवलं. तासाभरात एकोणनव्वद झालं.

"चार वाजेपर्यंत असाच पालथा राहिला तर वाचेल हा," हर्षिता म्हणाली.

तेवढ्यात इरप्पाचा मुलगा योगीराज खिडकीशी आला. त्यांच्या घरात पोर जरी पालथं निजलं तरी म्हातारी धपाटा घालून सरळ करायची. पालथं निजणं म्हणजे मरणाला हाक, असं ती मानायची. बापाची पाठ नि उशीत खुपसलेलं तोंड पाहिलं, आणि योगीराजची पाचावर धारण बसली.

"काका, आप्पाला पालथं टाकलंय. मारलं ह्यांनी."

बरोबर आलेला चुलता सिद्धराम धिप्पाड. त्याच्या दुसऱ्या लाथेला दाराची कडी उखडली. आडव्या आलेल्या चन्नव्वाच्या कपाळावर त्यानं सलाईनचा स्टँड हाणला. ती भिंतीला टेकून खाली घसरली, कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं. योगीराजनं बापाला खांद्याला धरून उताणा केला. त्या ओढाताणीत मास्क निसटला, नळी खाली लोंबायला लागली.

"हात लावू नको त्याला, मरेल तो," हर्षिता धावली.

"तू मारायलीस आन् आमाला सांगायलीस व्हय गं?" सिद्धरामनं लोखंडी स्टूल उचललं. ते तिच्या डाव्या खांद्यावर बसलं, आत हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. ती पडली. बरगडीत लाथ बसली, मग आणखी एक. फरशीवरून तिला बोटावरचं यंत्र दिसत होतं. अडुसष्ट. एकसष्ट.

सिलिंडरचा पाना खाटेखाली होता. हर्षितानं तो उचलला आणि बापाच्या छातीवर रेटून धरलेल्या योगीराजच्या मनगटावर घातला. मोजून-मापून नव्हे; सव्वीस दिवसांचं सगळं त्या घावात होतं. मनगट वाकडं झालं. योगीराज किंचाळत खाली बसला. तिचा पाना पुन्हा वर गेला, आणि तिला कळलं, आपल्याला आणखी मारायचंय. तिनं तो दूर फेकला.

एका हातानं मास्क बसवला, पण इरप्पा काही वळेना. दारात त्याची बायको बाणूबाई पदर तोंडात धरून उभी होती.

"अक्का, धरा. वळवा ह्यांना."

"पालथं कामून?"

"छातीत पाणी झालंय. उताणं असलं की पाठीकडून दम घेता येत नाही."

बाणूबाई खाटेपाशी आली. मग नवऱ्याच्या काखेत हात घालत म्हणाली, "मेंढी येती, कोकरू पडतं, नाकातोंडात पाणी, दम घेईना. तवा आमी त्येला पालथं धरून पाठ चोळताव की. आसंच न्हवं?"

"असंच."

सिद्धराम स्टूल घेऊन पुढं आला. "वहिनी, सोड त्याला."

"मला हाण आदी," बाणूबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "मेंढरं इकलीस तू, आन् आक्कलबी त्येंच्याच संगं इकलीस."

सिद्धरामनं स्टूल भिंतीवर आपटलं आणि बाहेर गेला. इरप्पा पालथा झाला. बासष्टचे सत्तर व्हायला बराच वेळ लागला. आकडा सत्याऐंशीला पोचला तेव्हा बाणूबाई भिंतीकडं तोंड करून रडली.

पोलीस आले. हर्षितानं दोन्ही सांगितलं, खाल्लेला मार आणि दिलेलाही. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरकडून चन्नव्वाला सात टाके घालून घेतले, स्वतःचा हात गळ्यात बांधून घेतला. मग बाहेर पटांगणात जाऊन घरी फोन लावला.

"अण्णा, मी एकाला मारलं. हाड मोडलं त्याचं."

पलीकडून रामाचार्यांनी एवढंच विचारलं,

"मारताना बरं वाटलं का?"

"हो."

"मग संध्याकाळी हात जोडशील तेव्हा ते त्याला सांग," ते म्हणाले. त्याला म्हणजे कुणाला, हे त्या घरात सांगावं लागत नसे. "आणि जेव काहीतरी."

ती परतली तेव्हा योगीराज शिपायाशेजारी दाराबाहेर मनगट मांडीवर घेऊन बसला होता. तिनं एका हातानं फळी लावली, पट्टीचं दुसरं टोक त्यानं दातात धरलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

"आप्पाला सरळ कवा करायचं?" त्यानं विचारलं.

"चारला. थोडाच वेळ. मग पुन्हा पालथं."

"माझा एक हात हाय," योगीराज म्हणाला.

"माझाही एकच आहे," हर्षिता म्हणाली. "चारला आत ये."