नाथाजी सुभेदारांची आडवी वरात

नाथाजी सुभेदार तोपखान्यातून निवृत्त होऊन वडूजजवळच्या आमच्या गावी आले, ते एक कान तोफेला देऊन. उरलेल्या कानानं ते स्वतःला हवं तेवढंच ऐकत. त्यांचा मुलगा सीमेवर, घरी सून पूजा आणि नात संयोगिता. नात वर्गात सगळ्यात बुटकी, पण तिला व्हायचं होतं पोलीस.

"उंची पळून वाढती," असं म्हणत सुभेदारांनी चौदा वर्षांच्या पोरीला पहाटे चारला शिट्टी वाजवून उठवायला सुरुवात केली. पोर मोठ्या रस्त्यानं पळायची आणि मग शाळेत डुलक्या घ्यायची. एके दिवशी प्रतिज्ञा म्हणता म्हणता उभ्याउभ्याच झोपली आणि पुढच्या मुलीवर कोसळली. कपाळाला टाके पडले.

टाके घालणाऱ्या भार्गवी डॉक्टरांनी सुभेदारांना चांगलंच झापलं. "आबा, या वयात मुलांना भरपूर झोप लागते. अंग वाढवणारं संप्रेरक गाढ झोपेतच जास्त सुटतं. अर्थात, उंची मुख्यतः आई-वडिलांवरच जाते."

पहिली दोन वाक्यं सुभेदारांच्या चांगल्या कानात गेली. तिसरं तोफेच्या कानात.

दुसऱ्या दिवसापासून घरात झोपेची संचारबंदी लागली. जेवणं दिवेलागणीला, मोबाईल सुभेदारांच्या उशाखाली. शेजारच्या मनुबाईचा कोंबडा पहाटे आरवायचा, तो त्यांनी दाम मोजून विकत घेतला आणि रविवारी रस्सा केला. पळणं साफ बंद. पूजा एकदा म्हणाली, "आवं मामा, भरतीत पळायबी लागतंय." तर म्हणाले, "आधी वाढू दे, मग पळू दे."

चौकटीवर खडूनं रेघ ओढून ते नातीची उंची मोजत. एकदा सकाळी मोजली आणि शंका आली म्हणून संध्याकाळी पुन्हा मोजली, तर रेघ खाली! सुभेदार हादरले. तसेच डॉक्टरांकडं गेले.

"बाई, माझी नात आटाय लागलीय!"

"आबा, सगळेच आटतात," डॉक्टर हसून म्हणाल्या. "दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात."

हे मात्र त्यांनी नीट ऐकलं.

संयोगिता अठरा वर्षांची झाली आणि साताऱ्याला भरती निघाली. सुभेदार माझ्याकडं आले. टेम्पो माझा आहे, भाजी वाहतो मी.

"दादासो, टेम्पो धुऊन काढ. मागं गादी टाकायची. पोरीला आडवीच न्यायची."

"का वं, आजारी हाय का?"

"उभी राहिली तर आटंल, गड्या!"

पोरगी उठली तशीच टेम्पोत निजली. धूळ लागू नये म्हणून तिच्या अंगावर पांढरी चादर टाकली. पूजा शेजारी बसली. रस्त्यानं लोक थांबून हात जोडत होते. मला आधी कळेना, मग कळलं तेव्हा हसूही येईना.

पुसेगावला चहाला थांबलो. तिथं नेमकी पूजाची चुलती हरणाबाई बाजाराला आलेली. तिनं टेम्पोत पाहिलं. गादी, पांढरी चादर, शेजारी पेंगुळलेली पूजा. बाईनं पिशवी टाकली आणि हंबरडाच फोडला, "आगं माझी बाय गंऽऽ! अशी कशी गेलीस गं!"

चादर हलली आणि मयत उठून बसलं.

"आज्जे, मी हाय!"

हरणाबाई मागच्या मागं टोमॅटोच्या क्रेटवर बसली. माणसं पळत आली, कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. त्या गोंधळात सुभेदार कपाळ बडवत ओरडत होते, "उठलीस कशाला? गेली का न्हाई अर्धा सेंटिमीटर!"

साताऱ्यात मैदानाच्या फाटकापर्यंत नातीला सुभेदारांनी आणि मी आडवीच उचलून नेलं. मापाच्या दांड्याखाली ती उभी राहिली. हवी होती एकशे पंचावन्न. भरली एकशे बासष्ट. मोजणाऱ्यानं मान वरसुद्धा केली नाही. "पुढं!"

पुढं होतं पळणं. वर्षानुवर्षं मन लावून झोपलेली आमची पोर शेवटून दुसरी आली. शेवटची मुलगी वाटेत पडली होती.

परतीच्या वाटेवर कोरेगावच्या पुढं चहाला थांबलो, तेव्हा सुभेदार म्हणाले, "चूक माजी झाली. पण उंची तरी झोपेनं दिली."

मग पूजा बोलली. "मामा, डॉक्टरीणबाई तवाच म्हणाल्या व्हत्या, आई-बापाकडं बघा. घरात माळ्यावरची पातेली स्टूल न घेता कोण काढतंय?"

सुभेदारांनी सुनेकडं पहिल्यांदाच खालून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आयला," एवढंच म्हणाले.

"आबा, आता पळाय उठवा," संयोगिता म्हणाली. "पण सहाला. चारला उठवलं तर शिट्टी हिरीत टाकीन."

पुढच्या वर्षी ती सांगलीत भरती झाली, पळण्यात पहिल्या दहांत. प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला आम्ही सगळे गेलो. एका टोपीखाली सगळ्या पोरी सारख्याच दिसत होत्या. सुभेदारांनी ताठ उभं राहून, डोळे भरून, कडक सलाम ठोकला तो भलत्याच मुलीला. पूजानं हळूच दाखवलं, "मामा, आपली त्या टोकाला हाय."

"असू दे," डोळे पुसत ते म्हणाले. "हीबी कुणाच्या तरी घरचीच हाय."

आणि वळून दुसरा ठोकला.